केस्ट्रेल दोन, जीव तीन

१

आर्लो ब्रेके सकाळी उठला की आधी कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायचा आणि मग फ्रिजवरच्या स्कॅनरची कळ फिरवायचा. सहा वर्षांत या क्रमात फरक पडला नव्हता. स्कॅनर म्हणजे विटेएवढा काळा रेडिओ. आकाशातून जाणाऱ्यांचं बोलणं त्यात ऐकू येतं, आपल्याला मात्र त्यातून बोलता येत नाही. विलो फोर्कमधल्या निम्म्या घरांत असा डबा होता. कुठे वणवा लागला, कुठे लाकडाचा ट्रक उलटला, कुणाच्या कुरणात हेलिकॉप्टर उतरलं, हे मोंटानाच्या त्या कोपऱ्यात सगळ्यांच्या आधी या डब्यांना कळायचं.

आर्लोचं ऐकणं मात्र नुसत्या चौकसपणाचं नव्हतं. गावाच्या छोट्या विमानतळावर त्याने एकोणतीस वर्षं विमानांत इंधन भरलं होतं आणि हिवाळ्यात धावपट्टीवरचा बर्फ उपसला होता. आता त्याची एकुलती एक मुलगी, कर्स्टन, इस्पितळाच्या हेलिकॉप्टरवर नर्स होती. रेडिओवर त्या हेलिकॉप्टरचं नाव केस्ट्रेल दोन. ते उडालं की वैमानिक वेस हॅगर्टी त्याच्या संथ, जरा नाकातल्या आवाजात सांगायचा, "केस्ट्रेल दोन निघालंय. जीव तीन, इंधन दोन तासांचं, पोचायला अठरा मिनिटं."

इस्पितळातल्या रेडिओच्या खोलीतून नोरीन म्हणायची, "समजलं केस्ट्रेल दोन. जीव तीन."

विमानवाले माणसं मोजत नाहीत, जीव मोजतात. विमान कोसळलंच तर किती जणांना शोधायचं हे शोधणाऱ्यांना नेमकं कळावं म्हणून. तीन म्हणजे वेस, कर्स्टन आणि तिचा जोडीदार ऑस्कर. परतताना पेशंट धरून चार. ते आकडे कानावर पडले की आर्लोचे खांदे सैल व्हायचे.

"लोक प्रार्थनेला चर्चमध्ये जातात," त्याची बायको लोर्ना म्हणायची, "आमच्याकडे फ्रिजसमोर उभे राहतात."

२

जुलैतल्या एका दुपारी केस्ट्रेल दोन उत्तरेकडच्या जंगलात गेलं. झाड तोडताना एका माणसाच्या मांडीवर ओंडका पडला होता. आर्लो टेबलाशी बटाटे सोलत होता. परतीचा संदेश आला.

"केस्ट्रेल दोन परत निघालंय. जीव तीन, इंधन सव्वा तासाचं."

आर्लोचा चाकू थांबला. पेशंटला न घेताच निघाले की काय?

"समजलं केस्ट्रेल दोन," नोरीन म्हणाली. "जीव चार."

वेसने तिची चूक सुधारली नाही, की आपली कबूल केली नाही. थोडी खरखर झाली आणि मग शांतता. जिभेला सवयीचा आकडा चढला असेल, असं म्हणून आर्लोने पुढचा बटाटा घेतला.

संध्याकाळी कर्स्टन जेवायला आली. हात कोपरापर्यंत धुऊनही ती पुन्हा पुन्हा धूत होती.

"गेला तो माणूस," ती म्हणाली. "वाटेतच."

"निघताना जिवंत होता?"

"जिवंत म्हणजे? मला त्याच्या कुत्रीबद्दल सांगत होता, डॅड. तिला खायला कोण घालणार म्हणून. उडाल्यावर नऊ मिनिटांनी गेला." तिने नळ बंद केला. "का रे?"

"सहज."

३

पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तळ्याकाठच्या वस्तीतली एक म्हातारी, छातीत दुखत होतं. वेसने 'जीव तीन' म्हटलं, नोरीनने 'जीव चार' ऐकलं आणि म्हातारी इस्पितळाच्या छपरावर पोचेपर्यंत संपली होती. मधल्या काळात सहा पेशंट सुखरूप आले. त्या सहाही वेळा आकडा बरोबर होता.

आर्लो तसा हिशेबी डोक्याचा माणूस. त्याने जुना टेपरेकॉर्डर काढला आणि स्कॅनरला चिकटवून ठेवला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोटारसायकलवरून पडलेल्या एका तरुणीला घेऊन केस्ट्रेल दोन निघालं, तेव्हा त्याने आपल्या कानांनी स्वच्छ 'जीव तीन' ऐकलं. लगेच फीत मागे नेली.

"जीव चार," फितीतला वेस म्हणाला.

त्याने सात वेळा ऐकलं. सातही वेळा चार. ती पोरगी त्याच रात्री गेली.

मग तो कान तपासून आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयाला असे कान म्हणजे भाग्य. गाडीत बसल्यावर किल्ली न लावता तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. कान ठीक असतील तर बिघाड आणखी आत होता. त्याची आई शेवटच्या वर्षी कपाटातल्या कोटांशी बोलायची. एका कोटाला ती रोज चहा विचारायची.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" लोर्नाने विचारलं.

"मळ होता. काढला."

"मी तेच म्हणत होते," लोर्ना म्हणाली. ती खूश होती.

४

दर गुरुवारी सकाळी तो आणि लाइल टँडी दाणागोट्याच्या दुकानात मागच्या बाकावर कॉफी प्यायचे. शाळेपासूनची दोस्ती. पूर्वेच्या माळावर लाइलची गुरं होती, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एक चेष्टा तयार असायची. आर्लोने सगळं सांगितलं तेव्हा मात्र तो हसला नाही. कप गुडघ्यावर ठेवून त्याने विचारलं, "कर्स्टनला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. ती पोरगी लोकांच्या छातीवर हात ठेवून बसते. तिला एवढं कळलं की बाप आधीच आकडा ऐकून मोकळा झालाय, तर तिचे हात चालतील का?"

"पण खरं असेल तर, लाइल?"

"खरं असेल तर तू काय करणार आहेस?"

आर्लो कपाच्या तळाशी उरलेली कॉफी हलवत राहिला.

"मग बंद कर तो डबा," लाइल म्हणाला. "म्हातारपणी घरात बायकोचा आवाज पुरे. मी तर तोही कमी करून ऐकतो."

आर्लोने खरंच बंद केला. अकरा दिवस फ्रिज नुसता फ्रिज राहिला. पण हेलिकॉप्टर घरावरूनच जायचं. पंख्यांची धडधड आली की सिंकवरच्या काचेच्या बरण्या किणकिणायच्या आणि आर्लो हातातलं काम टाकून उभा राहायचा. वर तीन जीव आहेत की किती, हे कुणीतरी आत्ता बोलत असणार, आणि ते आपल्याला ऐकू येत नाही. ऐकण्याची भीती होतीच. न ऐकण्याची भीती तिच्याहून मोठी होत चालली. बाराव्या दिवशी सकाळी त्याने कळ फिरवली.

५

त्या आठवड्यात डोंगरापलीकडे वणवे पेटले होते. सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसायचा, खिडक्यांच्या चौकटींवर राख साठायची. लोर्ना गावात गेली होती. आर्लो कोठारातून अंडी घेऊन स्वयंपाकघरात शिरला आणि त्याच वेळी स्कॅनर बोलला. कशासाठी, कुठे जायचं, हे नोरीनचं आधीच सांगून झालं होतं. ते त्याचं हुकलं.

"केस्ट्रेल दोन निघालंय," नेहमीचा संथ आवाज म्हणाला. "जीव शून्य. इंधन दोन तासांचं, पोचायला अकरा मिनिटं."

"समजलं केस्ट्रेल दोन," नोरीन म्हणाली. "जीव तीन."

अंड्यांची टोपली त्याने टेबलावर ठेवली. अगदी सावकाश, एकही न फोडता, हे त्याला नंतर नेहमी आठवायचं. त्याला स्वतःची समजूत घालायला वेळ हवा होता. फितीतले सात 'चार' त्याला आठवत होते. आईचा कोट आठवत होता. पण बरण्या किणकिणायला लागल्या. हेलिकॉप्टर घराकडे येत होतं आणि आणखी दोन मिनिटांनी ते नजरेआड गेलं असतं.

निवृत्त होताना विमानतळावरच्या लोकांनी त्याला त्याचाच जुना हातातला वायरलेस भेट दिला होता. त्यावर बोलताही यायचं. तो खणातून काढून आर्लो ओसरीवर धावला. धुरकट आभाळातून केस्ट्रेल दोन डोक्यावर आलं होतं. खालून त्याचं पोट दिसत होतं, बाजूच्या खिडकीत पांढरं काहीतरी हललं. कर्स्टनचं हेल्मेट असावं.

त्याने बटण दाबलं. 'मला आकडा ऐकू आला' असं सांगून कुठला वैमानिक मागे फिरेल?

"केस्ट्रेल दोन, केस्ट्रेल दोन, जमिनीवरून बोलतोय. तुमच्या शेपटीकडून धूर निघतोय. काळा धूर. मागे फिरा."

मग वेसचा आवाज, या वेळी घाईचा, धापेचा, माणसाचा. "आर्लो? तू बोलतोयस?"

"हो, वेस. मी खालीच उभा आहे. उतरव ते."

"नक्की दिसतंय?"

"माझी पोरगी आहे त्यात," आर्लो म्हणाला. "नक्की."

वेसने आणखी काही विचारलं नाही. एकोणतीस वर्षं त्या विमानतळावर आर्लोच्या शब्दावर लोक उडाले आणि उतरले होते. हेलिकॉप्टर कलतं झालं, त्याने मोठं वळण घेतलं आणि ते गावाकडे परत निघालं.

६

आर्लो गाडी हाणत विमानतळावर पोचला तेव्हा पंखे थांबले होते. वेस हेल्मेट काखेत धरून शेपटीखाली वाकला होता. ऑस्कर आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा होता. कर्स्टन चालत आली.

"डॅड, कुठे होता धूर?"

"तिथे. शेपटीपाशी."

"तिथे तेलाचा थेंबसुद्धा नाही." ती त्याचा चेहरा बघत होती. रोग्याचा बघावा तसा. "नीट आठव. वणव्याचा धूर असेल. उन्हाची तिरीप असेल. काय पाहिलंस?"

"आत बघा," आर्लो म्हणाला. "सगळं उघडून बघा."

"उघडणारच. तोपर्यंत उडता येत नाही आम्हांला. दुसरं हेलिकॉप्टर शहरातून येईल, त्याला पन्नास मिनिटं लागतील. तिथे एक माणूस यंत्राखाली चिरडलाय, आम्ही सात मिनिटांवर होतो." तिचा आवाज फाटला. "सात, डॅड!"

आर्लोच्या हातातला वायरलेस तेव्हा खरखरला. वायरलेस चालूच राहिला होता.

"केस्ट्रेल दोन उतरलंय," संथ, जरा नाकातला आवाज म्हणाला. "जीव शून्य."

आर्लोने वेसकडे पाहिलं. वेस वीस पावलांवर होता. बॅटरीचा प्रकाश शेपटीवर फिरवत होता आणि त्याचे ओठ मिटलेले होते. हेलिकॉप्टरची सगळी वीज बंद केलेली होती. उघड्या दारातून आतला भाग दिसत होता. मोकळं स्ट्रेचर, लोंबणारे पट्टे, आणि पेशंटच्या उशाशी एक जादा हेडफोन आकड्याला अडकवलेला. त्याच्या पुढची बोलायची बारीक दांडी एका बाजूला वळलेली होती. स्ट्रेचरवर उशी असते, तिकडे. कुणाच्या तोंडासमोर धरावी तशी. आर्लो बघत होता तोवर ती हळूच सरळ झाली.

"ऐकलंस?" त्याने कर्स्टनला विचारलं.

"काय ऐकलं?"

कुणी मान वळवली नव्हती. नोरीनही या वेळी 'समजलं' म्हणाली नाही. थोड्या वेळाने कर्स्टनचा फोन वाजला. ती पाठ फिरवून बोलली, वळली तेव्हा तिचा रंग उतरला होता.

"कुठलं ठिकाण ते आधी माझ्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली. "त्यांनी नकाशावरचे नुसते आकडे दिले होते. पूर्वेचा माळ. डॅड, गवताचे भारे बांधायचं यंत्र लाइलकाकांवर उलटलं होतं."

"होतं म्हणजे?"

तिने बापाच्या हातातला वायरलेस काढून घेतला आणि बंद केला.

७

कारागिरांनी केस्ट्रेल दोन दोन दिवस खोलून ठेवलं. प्रत्येक चाक, प्रत्येक नळी तपासली. कुठेही काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते उडालं आणि त्यानंतर रोज उडत राहिलं.

आर्लोला कुणी बोल लावला नाही. शेरीफ घरी येऊन कॉफी पिऊन गेला. म्हणाला, त्या धुरात कुणाचेही डोळे फसले असते. वेसने फोन करून सांगितलं, पुन्हा असं झालं तरी मी तुझ्याच शब्दावर मागे फिरेन. आर्लोला वाटत होतं, कुणीतरी एकदा कानाखाली वाजवावी. ती वाजवायला कुणी आलं नाही.

लाइलच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लाइलची बायको मॅव्हिस कागदी ताटली घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसली. ताटलीतलं बटाट्याचं सॅलड तसंच होतं.

"अर्धा तास शुद्धीवर होता," ती म्हणाली. "मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वाऱ्यावर दुरून हेलिकॉप्टर ऐकू आलं. तो म्हणाला, आली बघ आर्लोची पोरगी. मग तो आवाज लांब गेला. तो म्हणाला, चुकले वाटतं वाट."

आर्लो हातातल्या काट्याकडे बघत राहिला.

"मी तुला बोल लावायला आले नाही," मॅव्हिस म्हणाली. "फक्त एक सांग. तू धूर पाहिलास ना? खरंच पाहिलास?"

तळघरात भांड्यांचा, खुर्च्यांचा गलका होता. पलीकडच्या टेबलावरून कर्स्टन त्याच्याकडे बघत होती.

"पाहिला," आर्लो म्हणाला.

मॅव्हिसने त्याचा हात थोपटला. "मग झालं तर. तुझी मुलगी वाचवायला बघत होतास. लाइलनेही हेच केलं असतं."

८

घरी परतल्यावर कर्स्टन ओसरीवर थांबली. आत यायला तयार नव्हती.

"तू धूर पाहिला नाहीस," ती म्हणाली. "तू खोटं बोलतोस तेव्हा डावा अंगठा मुठीत घालतोस. आज मॅव्हिसमावशीसमोर घातलास. काय झालं होतं?"

मग त्याने सांगितलं. जंगलातला माणूस, तळ्याकाठची म्हातारी, मोटारसायकलवाली पोरगी, फितीतला चार. लाइलने काय बजावलं तेही. शेवटी त्या दिवशीचा शून्य. संपल्यावर तिने विचारलं, "त्या दिवशी निघताना कुणाचा आवाज ऐकलास?"

"वेसचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"नीट आठव, डॅड."

"वेसचाच. रोज ऐकतो मी. 'जीव शून्य' म्हणाला, 'पोचायला अकरा मिनिटं' म्हणाला."

कर्स्टन पायरीवर बसली. गुडघे कवटाळून, शाळेत असताना बसायची तशी.

"त्या दिवशी धुरामुळे वेसला समोरचं दिसत नव्हतं. तो बाहेर बघण्यात गुंतला होता. संदेश मी दिला."

आर्लोला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मी दिला. जीव तीन, इंधन दोन तास, अकरा मिनिटं. आणि अकरा दिवस तुझा डबा बंद होता ते मॉमने मला सांगितलं होतं, म्हणून शेवटी म्हटलं, 'डॅड, ऐकतोयस ना?' असं बोलायची परवानगी नसते. नोरीन हसली त्यावर. रेडिओवरच हसली." ती वर बघून म्हणाली, "ते तुला ऐकू नाही आलं?"

"नाही."

"माझं काहीच?"

"नाही, कर्स्टन."

ती उठली. तिला त्याला मिठी मारायची असावी; हात अर्धे वर आले. मग तिने किल्ल्या चाचपल्या आणि ती पायऱ्या उतरून गेली.

९

सप्टेंबरात कर्स्टनने हेलिकॉप्टरवरची नोकरी सोडली आणि ती दोन राज्यं पलीकडे एका मोठ्या इस्पितळात लागली, जमिनीवरच्या कामाला. डॉक्टरांनी यंत्रावर आर्लोच्या डोक्याची चित्रं काढली. चित्रांत काही वावगं नव्हतं. वयाच्या मानाने उत्तम, असंच ते डॉक्टरही म्हणाले. स्कॅनर त्याने नदीत टाकला. फ्रिजवर त्याच्या जागी धुळीचा एक चौकोन राहिला होता, तोही लोर्नाने पुसला.

मॅव्हिस गुरं विकून बहिणीकडे गेली. जाताना लाइलचा जाड कोट आर्लोला देऊन गेली. तो त्याने कपाटात न ठेवता कोठारात नेऊन ठेवला. घरातल्या कपाटात त्याला आणखी कोट नको होता.

आपण मुलीला वाचवलं, की उगाच दोस्ताला मारलं, हे तो रोज ठरवायला बसायचा. वाचवलं म्हणावं तर त्या आवाजाचे उपकार मानावे लागत होते. मारलं म्हणावं तर त्या आवाजाला नेमकं हेच हवं होतं, असं म्हणावं लागत होतं. दोन्हींकडे तो आवाज बसलेलाच होता, संथ, सभ्य, कधीही घाई न करणारा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी जेवण होऊन तो टेबलाशीच बसला होता. भिंतीवरचा फोन वाजला. लोर्नाने उचलला आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, आहेस कुठे तू? थंडी पडली का तिकडे? … हो, हो, जेवलो. … आहे ना, हा काय समोरच बसलाय." तिने फोनची लांब दोरी ओढत येऊन फोन त्याच्यापुढे धरला. "घे. तुझ्याशी बोलायचंय म्हणतेय. स्वतः होऊन म्हणतेय, आर्लो. किती दिवसांनी."

आर्लोने हात पुढे केला नाही.

"घे ना! पोरगी थांबलीय."

दीड महिना तो या फोनची वाट बघत होता. फोन आणि त्याच्यामध्ये आता टेबलाएवढं अंतर होतं. पलीकडून बोलणं सुरू झालं होतं. बारीक, चिरका, शब्द न कळणारा आवाज. बाईचा की पुरुषाचा, हे इतक्या अंतरावरून सांगता येत नव्हतं. लोर्ना अजून हसत होती. तिला मुलगीच ऐकू आली होती.

"सांग तिला, मी झोपलोय," आर्लो म्हणाला आणि त्याने खुर्ची मागे सरकवली.